'केशेर' : गाठ की कट?

श्रोतेहो, आज एकच शब्द घेऊ. हिब्रू बायबलमधला 'केशेर'. कोशात अर्थ सापडतो : कट, राजद्रोह. आम्हीही वर्गात अनेक वर्षे तेवढेच सांगून पुढे जात असू. ते अपुरे होते, हे आज कबूल करतो.

या शब्दाचा मूळ धातू 'बांधणे' या अर्थाचा. राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते, तिथे हाच धातू. योनाथानाचा जीव दाविदाच्या जिवाशी जडतो, तिथेही हाच. आजच्या हिब्रूत तर 'केशेर' म्हणजे साधा संपर्क, संबंध. मराठीला हे परके नाही बरं का. आपण गाठ बांधतो, मोट बांधतो आणि शत्रूशी संधानही बांधतो.

मग बांधणे कट केव्हा ठरते? 'दुसरे राजे' या ग्रंथाचा अकरावा अध्याय बघा. अथल्येने राजवंशाची कत्तल करून गादी बळकावली. लपवून वाचवलेल्या सात वर्षांच्या योवाशाला यहोयादा याजक मंदिरात मुकुट घालतो, तेव्हा ती कपडे फाडून दोनदा ओरडते : केशेर! पण यहोयादाने पहाऱ्याच्या नायकांशी गुपचूप जे बांधले, त्याला निवेदक 'बरीथ' म्हणतो, म्हणजे करार. घटना एकच; गादीवरून तिचे नाव वेगळे, मंदिरातून वेगळे.

आता यशया, अध्याय ८, ओवी १२. काळ इ.स.पू. ७३५ च्या आसपासचा. अराम आणि इस्राएल एकत्र येऊन यहूदावर चालून आलेले, आहाज राजा घाबरलेला. लोक ज्याला ज्याला केशेर म्हणतात त्याला तुम्ही तसे म्हणू नका, असे यशयाला आणि त्याच्या माणसांना बजावले जाते. इथे प्राचीन ग्रीक भाषांतरात 'कठीण' आहे. हिब्रूत त्या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने 'कॉन्फेडरसी' घातले, म्हणजे दोन राजांची युती. अर्थ बसतो, पण शब्दातला आरोप निघून जातो. आमोसावर अमस्या याजकाने राजाकडे याच धातूने तक्रार केली होती. राजाला न आवडणारे बोलणाऱ्याला फितूर ठरवायची रीत तेव्हाही होतीच. म्हणून इथे मराठीत 'कट'च हवा, असे आमचे मत.

कोणी म्हणेल, कट खरेच नसतात का? असतात. यहूदावर चालून आलेला पेकह स्वतःच्या राजाला मारून गादीवर आला होता आणि तिथे ग्रंथ हाच धातू वापरतो. पण ओवीत 'जे जे' आहे, हे विसरू नका. कट नसतातच, असे ती म्हणत नाही. लोक ओरडले म्हणून आपणही तेच नाव उचलू नये, एवढेच ती सांगते. भाषांतरकाराने सांभाळायचे ते हे 'जे जे'.