आधी स्वतःचा, मग बाळाचा

आमच्या दहा महिन्यांच्या शेंडेफळाला घेऊन पुण्याहून दिल्लीला विमानानं गेलो, तेव्हा समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. शेंडेफळानं त्याचा एक कोपरा चाखलाही. तेव्हा हे परीक्षण दोघांचं समजावं.

लेखक अज्ञात. मजकूर कमी, चित्रं भरपूर. आमच्या बँकेच्या परिपत्रकांनी धडा घ्यावा. पण व्यक्तिचित्रण फसलंय. विमान संकटात, मांडीवर मूल, आणि आईच्या चेहऱ्यावर पासबुक भरून मिळाल्याचं समाधान!

एक चित्र मात्र अव्वल. त्यात आई ऑक्सिजनचा मास्क आधी स्वतःला लावते, मग बाळाला. सौ. म्हणाली, "आई असं करील होय?" अहो, 35,000 फुटांवर आतल्या हवेचा दाब गेला, तर मिनिटाच्या आत माणसाचं भान हरपतं. मग बाळाला मास्क लावणार कोण? सौ. गप्प झाली. चित्र पुन्हा बघितलंन्.

उणीव एकच. उतरताना दाब बदलून बाळाचे कान दुखतात. दूध पाजत राहिलं की गिळता गिळता ते मोकळे होतात. हे कार्डात नव्हतं, मागच्या रांगेतल्या आजींनी सांगितलं. पुढच्या आवृत्तीत त्यांना सहलेखिका करावं.