कबुली आणि मुदत

सिस्टर हेलन प्रेजाँ यांचे ‘डेड मॅन वॉकिंग’ हे पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले. १९९५ साली त्यावर चित्रपट निघाला. आपल्याकडे चर्चा होते ती चित्रपटाची. मरणाच्या दारात कैदी आपला अपराध कबूल करतो, हा त्याचा उत्कर्षबिंदू. पापनिवेदनाच्या संस्कारात वाढलेल्या मनाला तो भिडणारच. तरीही पुस्तक अधिक मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते.

चित्रपटाने दोन कैद्यांचा एक केला आणि न्यायालयीन धडपड थोडक्यात आवरली. पुस्तकात तीच अंगावर येते. मूळ खटल्यात वकिलाने वेळीच हरकत घेतली नाही, तर पुढे संघराज्याच्या न्यायालयातही ती सहसा ऐकली जात नाही. चूक वकिलाची, प्राण अशिलाचा! व्हर्जिनियातील एका कैद्याच्या अपिलाची सूचना तीन दिवस उशिरा गेली. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरून दार लावले आणि १९९२ साली त्याला मृत्युदंड दिला गेला. २००६ च्या डीएनए चाचणीने त्याचा अपराध दाखविला, हे खरे. पण दार लावताना ते कोणास ठाऊक होते?

हा केवळ परदेशाचा प्रश्न नव्हे. नाशिकच्या २००३ सालच्या हत्याकांडात भटक्या जमातींतील सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी सुनावली. फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला. मात्र मृत्युदंडाचा फेरविचार खुल्या न्यायालयात ऐकावा, असा निर्णय २०१४ साली झाला आणि दार पुन्हा उघडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून प्रथम ओळखलेले चौघे निराळेच होते! ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले.

डहाणू-तलासरीच्या आपल्या भागात, कैनाडसारख्या गावी, म्हणूनच हे पुस्तक वाचले जावे. वारली बोलणाऱ्या एखाद्या मजुरावर असा आळ आला, तर कोणती हरकत केव्हा घ्यावी, हे त्याला कोण सांगणार?

पीडितांच्या कुटुंबांकडे आपण उशिरा वळलो, हे सिस्टर स्वतःच नमूद करतात. या प्रामाणिकपणामुळेच पुत्र गमावलेल्या पित्याची क्षमा शेवटी खरी वाटते. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला, तो मानवी प्रतिष्ठेच्या आधारावर. त्या शिकवणुकीचा अर्थ उमजण्यासाठी धर्मग्रामातील युवकांनी चित्रपट पाहून थांबू नये. पुस्तकही एकत्र वाचावे.