४१६००१ : पत्त्यातला अंकविलास

पाकिटावर ‘कोल्हापूर ४१६००१’ लिहिताना आपली नजर त्या सहा अंकांवर क्षणभरही रेंगाळत नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून हे पिनकोड आपल्या सोबतीला आहेत. त्यांची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते, हे मला फार सुखद वाटते. कवीने नेमून दिलेली संख्या कवितेसारखीच सावकाश वाचायला हवी, आणि ते वाचन शिकवणारा रसिकही आपल्याच मातीतला, देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. संख्येचे अंक उतरत्या भाजणीने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठीतून धाकटी वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या या वाटेने ६१७४ पाशी विसावते, हे त्यांना १९४९ साली गवसले.

आपण हीच वाट कोल्हापूरच्या संख्येला दाखवू. ६४११०० मधून ००११४६ वजा होताना पहिल्या मांडणीत शेवटी बसून संख्येला भारदस्त करणारी दोन शून्ये दुसऱ्या मांडणीत पुढे येतात आणि मुकी होतात. केवढी ही स्थानाची महती! उत्तर ६३९९५४. मूळ संख्येला ३ ने भाग जात होता, ९ ने नव्हे. आता मात्र ९ ने जातो, आणि पुढच्या प्रत्येक उत्तराला जात राहील, कारण तेच अंक कसेही फिरवले तरी ९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, म्हणून वजाबाकीत ती नाहीशी होते. मग ६५०८४४, ८२०८७२, आणि चौथ्या खेपेला ८६४४३२ : ही तर आधीच उतरत्या भाजणीत सजून आलेली! पुढे ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या वजाबाकीला ४२०८७६.

इथून खरा विलास सुरू होतो. ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६ : सात जणी हात धरून अखंड फेर धरतात. प्रत्येकीच्या अंकांची बेरीज करून पाहा, २७ च येते. सातांत विषम मात्र एकटी ७५०८४३. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन जागच्या जागी स्थिर राहणाऱ्याही आहेत, पण कोल्हापूरच्या वाट्याला स्थैर्य न येता हा फेर आला, याचा मला मनापासून आनंद होतो. ६५२६४४ आणि ६४२६५४ पुन्हा न्याहाळा. अंक अगदी तेच, फक्त ५ आणि ४ यांनी जागा बदललेल्या; एक फेराच्या उंबरठ्यावरची, दुसरी फेरातली, तरी अंक तेच म्हणून दोघींचे पुढचे पाऊल एकच.

आणि शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४? शेवटच्या १ च्या जागी ४ आला एवढाच फरक. पण ६४४१०० मधून ००१४४६ वजा करा, पहिल्याच वजाबाकीला ६४२६५४.