स्वयंभू देवी आणि टाकीचे घाव : सित्रोएन मोटारीचे दोन फ्रेंच पाठ

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतून रोलाँ बार्थ परिचित आहे तो मुख्यतः लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा सिद्धांतकार म्हणून. त्याच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या लेखसंग्रहाचा उल्लेख सांस्कृतिक अभ्यासाच्या संदर्भात वारंवार होतो. परंतु त्यातील छोटे लेख स्वतंत्र संहिता म्हणून बारकाईने वाचले जातात, असे दिसत नाही. कुस्ती, साबणाची भुकटी, वाइन अशा नित्याच्या गोष्टींवरील या लेखांमध्ये 'नवी सित्रोएन' हा अवघ्या दोन-अडीच पानांचा लेख आहे. ज्या मोटारीवर तो लिहिला गेला, तिच्याच कंपनीच्या एका कारखान्यात १९६८ मध्ये रोबेर लिनार्त हा तत्त्वज्ञानाचा तरुण अभ्यासक साधा कामगार म्हणून दाखल झाला. त्याचे अनुभवकथन 'लेताब्ली' या नावाने १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन संहिता शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे पहिलीच्या तेजस्वी पृष्ठभागाखाली राहून गेलेली एक पोकळी स्पष्ट होते.

या कंपनीचा पूर्वेतिहास प्रथम पाहावा लागेल. आंद्रे सित्रोएन (१८७८–१९३५) हा मूलतः दातेरी चाकांचा कारखानदार. १९०० मध्ये पोलंडच्या भेटीत त्याला दुहेरी तिरकस दात्यांच्या चाकांची पद्धत आढळली आणि तिचे हक्क त्याने विकत घेतले. आजही मोटारीच्या तोंडावर दिसणाऱ्या दोन उलट्या 'व्ही'ची खूण ही त्या दात्यांचीच आकृती होय. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी जावेल येथे त्याने तोफगोळ्यांचा प्रचंड कारखाना उभारला आणि १९१९ पासून तेथेच अमेरिकन धर्तीवर मोटारींचे उत्पादन सुरू केले. जाहिरातीचे त्याचे वेड असे, की १९२५ ते १९३४ या काळात आयफेल टॉवरवर त्याचे नाव विजेच्या दिव्यांनी झळकत असे. पुढच्या चाकांना गती देणारी क्रांतिकारक 'त्राक्सिओं आव्हां' १९३४ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले. टायर बनविणाऱ्या मिशलँने तिचा ताबा घेतला. संस्थापक पुढल्याच वर्षी निवर्तला. म्हणजे ज्या साहसामुळे नावलौकिक मिळाला, त्याच साहसाने मालकी गमावली गेली. कंपनीच्या वारशात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, कारण पराभूत संस्थापकाची कथा यशस्वी संस्थापकाच्या कथेहून अधिक रम्य असते.

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात 'डीएस १९' प्रथम लोकांसमोर आली. पहिल्याच दिवशी सुमारे बारा हजार मागण्या नोंदविल्या गेल्या, असे कंपनीचा इतिहास सांगतो. 'डी' आणि 'एस' या अक्षरांचा फ्रेंच उच्चार 'देएस' असा होतो आणि फ्रेंचमध्ये 'देएस' म्हणजे देवी. बार्थच्या लेखाचा सारा डोलारा या श्लेषावर उभा आहे. आजच्या मोटारी म्हणजे मध्ययुगातील भव्य गॉथिक देवालयांच्या तोडीच्या निर्मिती, असे तो आरंभीच म्हणतो : अनामिक कलावंतांनी ध्यासाने घडविलेल्या आणि अवघ्या जनसमूहाने, वापरातून नाही तरी प्रतिमेतून, आत्मसात केलेल्या. ही नवी मोटार आकाशातून पडल्यासारखी वाटते. तिचा गुळगुळीतपणा, काचेचे विस्तीर्ण पृष्ठ, अवजड यंत्राऐवजी हलक्या अवकाशाचा भास यांचे वर्णन करताना बार्थची भाषा स्वतःच मोहित झालेली आहे. परंतु लेखाचा उत्तम भाग याच्या पुढे येतो. प्रदर्शनातील गर्दी मोटारीला डोळ्यांनी पाहून थांबत नाही, हातांनी चाचपते. काचा आणि पत्रे यांच्या सांध्यांवरून, मागील काचेभोवतीच्या रबरी पट्टीवरून बोटे फिरतात. आकाशातून उतरलेली देवी पाव तासात मध्यमवर्गीय मालकीच्या आवाक्यात येते. श्रद्धेचे वस्तूत आणि वस्तूचे प्रतिष्ठेत होणारे हे रूपांतर इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी टिपले असेल.

आक्षेप येतो तो 'अनामिक' या शब्दावर. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे, घडविलेल्या गोष्टीला स्वयंभू भासविणे हेच मिथकाचे कार्य होय, हा बार्थचा मूलभूत सिद्धांत. ग्रंथाच्या अखेरच्या सैद्धांतिक निबंधात तो तपशिलाने मांडला आहे. असे असता मोटारीला देवालयाची उपमा देताना तो स्वतःच तिच्या घडणीचा इतिहास पुसून टाकतो. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' अशी म्हण मराठीत आहे. या देवीला घाव बसलेच नव्हते, असे त्याचा लेख वाचून वाटते. वेरूळच्या शिल्पींना आपण अनामिक म्हणतो, कारण त्यांची नावे काळाच्या ओघात हरवली. जावेलच्या कारागिरांची नावे १९५५ मध्ये हजेरीपटावर होती.

वस्तुस्थिती अशी की 'डीएस'चे बाह्यरूप फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने घडविले. 'त्राक्सिओं आव्हां'चे रूपही त्याचेच. अभियांत्रिकी आंद्रे लफेव्रची. तेल आणि दाबाखालील वायू यांवर चालणारी, गाडीला रस्त्यावर तरंगत ठेवणारी रचना पॉल माजेसची. आणि ती प्रदर्शनाच्या आदल्या वर्षीच, १९५४ मध्ये, जुन्या मोटारीच्या मागील चाकांवर वापरून पाहिली गेली होती. सर्वांत बोलका तपशील इंजिनाचा आहे. या मोटारीसाठी योजलेले नवे सहा सिलिंडरचे इंजिन सिद्ध होऊ शकले नाही. अखेर १९३० च्या दशकातील 'त्राक्सिओं'च्या चार सिलिंडरच्या इंजिनाचीच सुधारित आवृत्ती तिच्यात बसवावी लागली. भविष्यातून अवतरलेल्या देवीच्या उदरात वीस वर्षांपूर्वीचे यंत्र धडधडत होते! बार्थने काचेवर आणि रबरावर हात फिरविला. बॉनेट उघडून पाहिले नाही.

पुढील काळात कंपनीने ही अनामिकता आपल्या परीने दूर केली. बेर्तोनी, लफेव्र, माजेस यांची नावे आज तिच्या वारशाचा भाग आहेत. छोट्या '२ सीव्ही'चा आराखडा सांगताना प्येर-ज्यूल बुलांजेने नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे अशी अट घातली होती, ही आख्यायिका सर्वतोमुखी आहे. जर्मन आक्रमणाच्या काळात दडविलेले '२ सीव्ही'चे तीन युद्धपूर्व नमुने १९९४ मध्ये कंपनीच्या चाचणी केंद्रातील एका कोठाराच्या माळ्यावर सापडले, तेव्हा त्यांचे स्वागत पुरातत्त्वीय शोधासारखे झाले. जावेलचा कारखाना १९७० च्या दशकात बंद पडला. त्या जागी १९९२ पासून आंद्रे सित्रोएनच्या नावाचे उद्यान आहे. पॅरिसनजीक ओल्ने येथे कंपनीने २००१ मध्ये जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडले. तेथील कारखान्यातील उत्पादन मात्र २०१३ मध्ये थांबले. १९७६ मध्ये सित्रोएन प्यूजोच्या समूहात आणि २०२१ मध्ये त्या समूहासह स्टेलांटिसमध्ये विलीन झाली. 'डीएस' ही दोन अक्षरे तर आता एक वेगळे व्यापारनाम म्हणून विकली जातात. मिथकाची चिकित्सा करणाऱ्या लेखाचा विषय झालेला श्लेष अखेर विक्रीचे भांडवल झाला, हे बार्थच्या सिद्धांताशी सुसंगतच म्हणावे लागेल. या वारशाला संस्थापक आहे, अभियंते आहेत, शिल्पकार आहे. पत्रा जोडणारा माणूस त्यात शोधावा लागतो.

लिनार्तचे पुस्तक तेथून सुरू होते. एकोल नोर्माल स्युपेरिअरचा हा विद्यार्थी, अल्थ्यूसेरचा शिष्य, माओवादी कार्यकर्ता. सप्टेंबर १९६८ मध्ये तो पॅरिसच्या दक्षिण टोकाच्या शॉइझी येथील सित्रोएन कारखान्यात '२ सीव्ही'च्या साखळीवर लागला. अल्जीरियाचा मुलूद त्याला पहिले काम शिकवितो. खिडकीवरच्या कमानीपाशी दोन पत्र्यांमध्ये फट राहते. ती वितळलेल्या कथलाने भरून असा सफाईदार हात फिरवायचा, की सांधा होता याची खूणही उरू नये. मुलूदला हे सहज साधते. लिनार्त प्रत्येक प्रयत्नात कथील सांडतो आणि साखळी पुढे सरकत राहते. बार्थला मोहविणारा गुळगुळीतपणा येथे एका माणसाच्या मनगटात, क्रियेच्या रूपात दिसतो. त्या कामात अपयश आल्यावर लिनार्तला खिडक्यांच्या काचांना रबर बसविण्यास धाडण्यात येते. प्रदर्शनातील बोटे ज्या रबरावरून फिरली, तशाच रबराने त्याचे हात दुखावतात. दोन्ही मोटारी भिन्न, एक महागडी तर दुसरी शेतकऱ्यासाठी कल्पिलेली, हे मान्य करूनही हा योगायोग केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या पुस्तकातील वर्गवारीचे वर्णन कोणत्याही समाजशास्त्रीय प्रबंधाहून थेट आहे. अकुशल कामगारांच्या श्रेणी कामावरून नव्हे, तर वंशावरून ठरत : कृष्णवर्णीय सर्वांत खाली, त्यांच्यावर अरब, मग स्पॅनिश-पोर्तुगीज, आणि फ्रेंच माणूस आपोआप त्यांच्याही वर. हातात काही कसब नसलेला लिनार्त, केवळ फ्रेंच म्हणून, मुलूदच्या वर नोंदला जातो. मे-जून १९६८ च्या संपातील नुकसान भरून काढण्यासाठी व्यवस्थापनाने दिवसाचे काम वाढविले, वाढीव वेळेचा निम्मा भाग बिनपगारी ठेवला. त्याविरुद्ध फेब्रुवारी १९६९ मध्ये झालेला संप आणि त्याचे विझणे हा कथनाचा मध्यभाग आहे. राजकीय वाचकांनी त्यालाच महत्त्व दिले. वाङ्मयीन दृष्ट्या मात्र तो भाग तुलनेने परिचित वळणाचा आहे. लिनार्तचे सामर्थ्य हातांच्या हालचालींच्या वर्णनात आहे, सभांच्या वर्णनात नव्हे.

येथे पुन्हा बार्थकडे वळावे लागते. अखेरच्या निबंधात त्याने लाकूडतोड्याचे उदाहरण दिले आहे. झाड तोडणारा माणूस झाडाचे नाव घेतो तेव्हा तो झाडाविषयी बोलत नाही, झाडच बोलतो. त्याची भाषा कृतीशी जोडलेली असल्याने तेथे मिथकाला शिरकाव नसतो. म्हणजे बार्थच्या सिद्धांतात श्रमिकाच्या भाषेला जागा होती. त्याच्या मोटारीत ती नव्हती. लिनार्तने ती जागा भरून काढली, असे विधान करण्याचा मोह होतो. तथापि तेही पूर्ण खरे नाही. लिनार्त लाकूडतोड्या नव्हे. तो ऐच्छिक कामगार आहे, त्याला परत जाण्यासाठी दुसरे जग आहे, आणि त्याला लिहिता येते ते बव्हंशी काम जमत नाही म्हणून. आपल्या या स्थितीची जाणीव तो लपवीत नाही, हा त्याच्या पुस्तकाचा प्रामाणिकपणा होय.

शीर्षकातील शब्दाला दोन अर्थ आहेत : कारखान्यात जाऊन 'स्थिरावलेला' बुद्धिजीवी, आणि कारागिराचा कामाचा ओटा. पुस्तकाच्या शेवटच्या भागात दुसरा अर्थ पहिल्यावर मात करतो. देमार्सी हा वृद्ध कामगार पोचे आलेले दरवाजे दुरुस्त करतो. त्याचा ओटा त्याने वर्षानुवर्षे स्वतःच जुळवून घेतलेला. त्याच्या खाचा, खोबणी, आधार यांचा उपयोग त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. कार्यपद्धती-विभाग एके दिवशी तो उचलून नेतो आणि शास्त्रशुद्ध बनावटीचा नवा ओटा तेथे ठेवतो. देमार्सी गोंधळतो. त्याच वेळी वरिष्ठ अधिकाऱ्यांचा ताफा येऊन त्याच्याभोवती उभा राहतो, त्याच्या चुका पाहतो, आणि आयुष्यभर निर्दोष काम केलेला माणूस नवशिक्यासारखा चाचपडतो. तो एक शब्दही उच्चारत नाही. पत्रा 'बोलणारा' माणूस हाच होता. भाषा मात्र शेजारी उभ्या असलेल्या, काम न जमणाऱ्या लिनार्तपाशी होती. जुना ओटा पुढे परत आणून ठेवला जातो. देमार्सी पुन्हा दरवाजे ठोकू लागतो, पण आता प्रत्येक घावागणिक कोणी मागे उभे तर नाही ना, अशा धास्तीने.