कार्ल्याचा डोंगर वाचताना: कोसंबी आपल्याला कुठवर नेतात?

दामोदर धर्मानंद कोसंबींच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकाने लेणी बघायची आपली पद्धतच बदलली. चैत्यगृह पाहून खाली उतरू नका, भोवतीचा डोंगरही वाचा, असं ते सांगतं. घाटवाटा, शेंदूर फासलेले तांदळे, वाटेत सापडणारी बारीक दगडी हत्यारं, हे सगळंच त्यांच्यासाठी पुरावा होतं.

थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: अश्मयुगीन माणसांच्या वाटा जिथे मिळत, तिथे मातृदेवींची ठाणी झाली. पुढे त्याच वाटांवरून व्यापार चालू लागला आणि भिक्षूही तिथेच आले. म्हणूनच आज कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा आहे आणि बेडशाला यमाई.

वाचताना हे सगळं एकसंध वाटतं. पण यात दोन वेगळे दावे आहेत आणि दोघांचं वजन सारखं नाही.

पहिला दावा व्यापाराचा. तो भक्कम आहे, कारण दगडच बोलतो. कार्ल्याच्या शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन दातेही आहेत. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. इतक्या लांबच्या माणसाचं दान इथे पोचलं, ते वाटांमुळेच.

दुसरा दावा देवी लेण्यांहून जुनी असल्याचा. जुन्नरला त्याला थोडा आधार मिळतो. तिथल्या प्राचीन लेखात मानमुकुड हे नाव येतं आणि कोसंबी ते आजच्या मानमोडीशी जोडतात. तरी ते नाव डोंगराचं आहे. त्यावरून देवीपर्यंत जायला आणखी एक पायरी लागतेच. कार्ल्याला तर तेवढंही नाही. एकवीरा आज तिथे आहे, चैत्राच्या यात्रेला आगरी-कोळी समाज लोटतो, हे खरं. पण आज शेजारी असणं म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही असणं नव्हे.

कोसंबींनी अंदाज मांडला, त्यात गैर काही नाही. अडचण आपली आहे. प्रबंधात 'कोसंबींनी दाखवून दिलं आहे' असं लिहिलं की अंदाजाचा पुरावा होऊन बसतो. आणि 'इथे आधी कोण होतं' हा प्रश्न श्रद्धेच्या जागी कधीच निव्वळ अभ्यासाचा राहत नाही.

म्हणून क्षेत्रभेटीला जाताना वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, काय कोरलेलं आहे, मला काय वाटलं. कोसंबींसारखं भरपूर चाला, पण तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्यात जाऊ देऊ नका.