सोसणं पुरेसं नाही : दौलताबादेत एकनाथ वाचताना



१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल दिला. दोघांना जन्मठेप झाली, तिघं निर्दोष सुटले. जन्मठेप झालेले दोघंही आपल्या जिल्ह्यातले, आणि त्यांतला एक तर याच दौलताबाद परिसरातल्या एका गावचा. नावं आम्ही घेत नाही, ती तुम्हाला ठाऊक आहेत. अशी बातमी गावात येते तेव्हा माणसं दोन वाक्यं बोलतात. पहिलं, 'तो आपला नव्हेच.' दुसरं, 'मग आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर?' आजचं बोलणं या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. त्यासाठी आम्ही एक जुनी रचना हाताशी घेतली आहे : संत एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद'.

ही रचना इथंच का वाचायची? नाथ पैठणचे, पण घडले या किल्ल्यावर. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर निजामशाहीच्या चाकरीत होते. त्या स्वामींचे गुरू चांद बोधले, असं परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी म्हणा, दर्गा म्हणा, याच गावात आहे. म्हणजे परक्या धर्माच्या राज्यात चाकरी करणारा गुरू आणि सूफी वळणाचा परमगुरू, या वातावरणात वाढलेला हा कवी. 'समाजावर विश्वास' हा त्याच्यासाठी सभेतला विषय नव्हता. रोज त्यातच राहायचं होतं.

आता एक गंमत बघा. नाथांची सहिष्णुता सांगायची म्हटलं की आपण कोणती गोष्ट सांगतो? नाथ गोदावरीवर स्नान करून येतात, वाटेत एक यवन त्यांच्या अंगावर थुंकतो. नाथ परत जाऊन स्नान करतात, तो परत थुंकतो. असं एकशे आठ वेळा होतं. शेवटी थुंकणारा वरमतो आणि पाय धरतो. शाळेत आपण हीच ऐकली, कीर्तनात हीच, आणि दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकीतही कुणीतरी हीच सांगतो.

ही गोष्ट नाथांबद्दलची आहे, नाथांची नाही. नाथांनी स्वतः लिहिलं ते वेगळंच आहे. 'हिंदू-तुर्क संवादा'त कुणी गप्प बसत नाही. सुरुवातच तोंडातोंडी होते. एकाच्या लेखी दुसरा काफिर, तर दुसऱ्याला पहिल्याचा विटाळ. मग दोघं एकमेकांच्या धर्मातली अडचणीची जागा नेमकी हुडकून तिथंच बोट ठेवतात. तुर्क विचारतो, तुमच्या पुराणातले देव असे कसे वागले? दगडाची कसली पूजा करता? हिंदू उलट विचारतो, ईश्वर सगळीकडे आहे म्हणता, मग एकाच दिशेला तोंड का करता, बाकीच्या दिशा रिकाम्या आहेत काय? कुणी कुणाला सोडत नाही. भांडण बराच वेळ चालतं, आणि शेवटी दोघं एकमेकांना वंदन करून आलिंगन देतात.

आपण या रचनेचं नाव घेतलंच तर त्या आलिंगनासाठी घेतो. पोस्टरवर आलिंगन छापतो. आमचं म्हणणं असं की रचनेचं मोल आलिंगनाआधीच्या भागात आहे. तिथं नाथांनी एक मोठं काम केलंय : समोरच्याला त्याची भाषा दिली आहे. तुर्काच्या तोंडी दख्खनी वळणाचे शब्द येतात, त्याचे प्रश्न बोचरे आहेत आणि त्यांतले काही तर बिनतोड आहेत. विरोधकाला मूर्ख करून जिंकणं नाथांना सहज जमलं असतं, कारण लेखणी त्यांच्याच हातात होती. त्यांनी ते केलं नाही.

उणीवही सांगायला हवी. दोन्ही बाजू एकाच माणसानं लिहिल्यात, आणि जो समेट होतो तो अद्वैताच्या, म्हणजे हिंदू वेदांताच्या भाषेत होतो. शेवटी तुर्काला यावं लागतं ते नाथांच्या अंगणात. खरा तुर्क या शेवटाला इतक्या लवकर राजी झाला असता का, हा प्रश्न उरतोच. म्हणून आम्ही या संवादाला कसल्याही वादावरचा तोडगा मानत नाही. त्यातून एक गोष्ट मात्र घेतो : समाजावरचा विश्वास म्हणजे समोरचा चांगला आहे अशी खात्री नव्हे. समोरचा उत्तर देईल, आणि आपल्यालाही उत्तर द्यावं लागेल, एवढीच ती अपेक्षा. थुंकीच्या गोष्टीत सगळा भार एकाच्या सोसण्यावर आहे. संवादात तो दोघांवर आहे.

इथं कुणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल : अहो, पण दाभोलकर तर संवादच करत होते. पेशानं डॉक्टर, तरुणपणी कबड्डीचे खेळाडू, १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम, १९९८ पासून 'साधना'चं संपादन. गावोगाव जाऊन विरोधी प्रश्न अंगावर घ्यायचा, ही त्यांची रीत. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर ते फिरायला गेले होते. समोर आले त्यांनी प्रश्न विचारला नाही, गोळ्या घातल्या. पुढं २०१५ मध्ये गोविंद पानसरे आणि एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये गौरी लंकेश. नाथांच्या संवादात दोघांपैकी कुणाच्याच हातात पिस्तूल नाही. पिस्तूल आलं की संवादाचं काय करायचं, हे नाथ आपल्याला सांगत नाहीत.

ही हरकत आम्हाला मान्य आहे. मारेकऱ्याशी वाद घालता येत नाही. पण खून फक्त एका माणसाचा होत नाही. मागं उरलेल्यांनी बोलणं सोडावं, हाही त्याचा हेतू असतो. म्हणून खरा प्रश्न मागं उरलेल्यांचा आहे. ते दोन वाटांनी बोलणं सोडू शकतात : भिऊन गप्प बसून, नाहीतर चिडून तसंच होऊन.

मागं उरलेल्यांनी काय केलं ते बघू. खून झाला त्याच आठवड्यात, ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्यं बसवली. पडदा नाही, रंगमंच नाही, लोकांनी गोल करायचा आणि मध्ये बोलायचं. ज्यांच्या माणसाला भर रस्त्यात मारलं, ते पुन्हा रस्त्यावरच उभे राहिले, तेही पाठीमागं भिंत न घेता. नाथांच्या भारुडाचं हे जवळचं नातलग आहे. आम्हाला त्या प्रयोगांत सर्वांत बोलकी वाटते ती ही उभं राहण्याची जागा. गोलात उभ्या माणसाची पाठ नेहमी कुणातरी अनोळखी माणसाकडे असते.

तरी नाथांच्या कसोटीवर आपण सगळे, हे व्याख्यान धरून, थोडे कमीच भरतो. आपल्या स्मृतिसभांना येणारे बहुतेक आधीच पटलेले असतात. विरोधकाला आपण बोलवत नाही, आणि त्याची बाजू आपणच मांडतो तेव्हा ती मुद्दाम लेचीपेची मांडतो. आता आपल्याच पंचक्रोशीतल्या त्या मुलाबद्दल विचार करा. तो आकाशातून पडला नाही. इथल्याच रस्त्यांवरून गेला असेल, इथल्याच कुणाकुणाशी बोलला असेल. हातात पिस्तूल येण्याआधी त्याच्या मनात काही प्रश्न, काही राग असेलच. त्याच्याशी भांडायला तेव्हा कोण बसलं होतं? 'तो आपला नव्हेच' म्हटलं की या प्रश्नातून सुटका होते, म्हणूनच ते वाक्य इतकं सोपं जातं. त्याच्यापायी अख्ख्या गावाला नावं ठेवणं हा दुसरा सोपा मार्ग. दोन्हींत उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही.

शेवटी देवगिरीचीच एक गोष्ट. नाथ इथं गुरूंकडे हिशेब लिहीत. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघेना. दिवा लावून ते रात्रभर बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. स्वामी म्हणाले, एका पैचा एवढा आनंद, मग जन्माचा हिशेब लागला तर केवढा होईल. कीर्तनकार पुढं अध्यात्माकडे वळतात. आम्ही त्या पैवरच थांबतो.

दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला जवळपास अकरा वर्षं लागली. तपास पुणे पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, उच्च न्यायालयानं त्यावर लक्ष ठेवलं. पुरावा पुरला तिथं शिक्षा झाली, पुरला नाही तिथं माणसं सुटली. सूत्रधारांपर्यंत पोचण्यात तपास यंत्रणा कमी पडल्या, हे निकालातच नोंदवलं गेलं. म्हणजे पै अजून लागलेली नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनी बदला मागितला नाही, हिशेब मागितला, आणि प्रत्येक तारखेला मागत राहिले. समाजावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे आम्हाला त्यांच्याकडे बघून कळतं. श्रद्धा तपासायला तयार असली पाहिजे, असं दाभोलकर सांगत. समाजावरची श्रद्धाही त्यातून सुटत नाही. ती डोळे मिटून ठेवायची नाही. चूक सापडेपर्यंत दिवा लावून बसायचं आहे.

आता प्रश्नांची वेळ. आमची एक विनंती : पहिला प्रश्न ज्याला आजचं बोलणं अजिबात पटलं नाही त्यानं विचारावा. आम्ही बसलो आहोत.