संशोधनातील विविधता : नावाची आणि खरी

विज्ञान, आरोग्य, शिक्षण, वाणिज्य, साहित्य अशा सर्व विषयांतील संशोधन आम्ही प्रसिद्ध करतो, असे मुखपृष्ठावर छापणारी कितीतरी नियतकालिके आज निघतात. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'बहुविद्याशाखीय' ही दोन विशेषणे त्यांच्या नावात बहुधा असतातच. प्राध्यापक त्यांत लिहितात, पीएच.डी.चे विद्यार्थी लिहितात आणि शाळांतील शिक्षकही आपले कृतिसंशोधन त्यांत छापून आणतात. इतके विषय एका अंकात नांदतात, हेच संशोधनाच्या विविधतेचे लक्षण म्हणून सांगितले जाते. हा दावा तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

आमच्या मते विषयांची संख्या वाढल्याने संशोधनात विविधता येत नाही. विविधता असते ती प्रश्नांत आणि उत्तर पारखण्याच्या पद्धतींत. किराणा दुकानात धान्य, तेल आणि सुतळी एकत्र मिळतात, त्यात गैर काही नाही. पण दुकानदार धान्य तराजूवर तोलतो, तेल मापाने देतो आणि सुतळी लांबीवर मोजतो. तिन्ही वस्तू तो एकाच मापाने देऊ लागला, तर दुकान कितीही भरलेले असो, गिऱ्हाईक फसणारच.

याचे उदाहरण आमच्या घराजवळच आहे. आम्ही राहतो त्या अकोल्याच्या जठारपेठेत नळाला येणारे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचे. शहरातून उत्तरेला अकोटच्या रस्त्याने पूर्णा नदीकडे निघाले की मात्र विहिरींचे पाणी खारे लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. या एकाच पाण्याविषयी तीन वेगवेगळ्या शाखांतले प्रश्न विचारून पाहू.

पहिला प्रश्न जमिनीचा. मातीच्या कणांना चिकटलेल्या विनिमययोग्य घटकांत सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण झाली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. ही मर्यादा अमेरिकेतील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली काढलेल्या पुस्तिकेमुळे रूढ झाली. पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनींचा अभ्यास नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील आणि इतर शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा सोडियम ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच पाण्याचा निचरा बिघडू लागतो, असे आढळले. त्याचे कारणही उलगडले. कोरड्या हवामानात चुना मातीतच साकळतो, त्यामुळे विरघळलेले कॅल्शियम कमी होते आणि सोडियमचा वाटा वाढतो. मग चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. हे कसे कळले? खड्डे खणून, थराथरातले नमुने घेऊन, पाणी झिरपण्याचा वेग मोजून आणि त्याची कपाशीच्या उत्पन्नाशी तुलना करून. ज्याला शंका असेल त्याने शेजारी खड्डा खणून मोजावे. येथे पुनर्मापन ही कसोटी आहे.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. या पाण्याने मूत्रपिंडाचे आजार होतात असे या भागात सर्रास बोलले जाते. समजा, एखाद्या संशोधकाने पन्नास विहिरींचे पाणी तपासले, पन्नास रुग्णांची यादी केली आणि दोन्ही तक्ते शेजारी छापले. मातीच्या अभ्यासात जी पद्धत बरीच पुढे नेते, ती येथे जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. मूत्रपिंड मधुमेहाने बिघडते, रक्तदाबाने बिघडते, वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरानेही बिघडते. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला पुरेसे पाणी न मिळणे हेही कारण असू शकते. ही कारणे वेगळी काढण्यासाठी निरोगी माणसेही मोजावी लागतात, गोडे पाणी पिणारी गावे तुलनेला घ्यावी लागतात आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात.

असे काम विदर्भात होऊ शकते याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे केवळ आधीची स्थिती नोंदवण्यात गेली. प्रत्यक्ष उपचार १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांच्या मदतीने झाले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा निबंध छापला. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, ही या प्रयोगाची मर्यादा. पण तुलना कशाशी केली हे स्पष्ट सांगितलेले असल्यामुळेच ती मर्यादा वाचकाला दिसते, हेही ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. खारपाणपट्ट्यातल्या मुलाला कोणत्या विहिरीचे पाणी कसे लागते हे पक्के माहीत असते. पुस्तकातला 'क्षार' म्हणजे तेच, हे त्याला उमगते का? येथे खड्डा खणून भागत नाही. वर्गात बसून मुलांची उत्तरे ऐकावी लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केले. मुलांना अडते ते विज्ञान की पुस्तकाची भाषा, हा प्रश्न या केंद्राने पुढे प्रयोगाने तपासला. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली आणि मुलांच्या समजेत पडणारा फरक पाहिला. प्रश्न नेमका असल्यामुळे उत्तरही उपयोगी पडले.

याच्या शेजारी नेहमीचे कृतिसंशोधन ठेवून पाहावे. शिक्षक आपल्याच वर्गाची चाचणी घेतो, पंधरा दिवस नवी पद्धत वापरतो, पुन्हा चाचणी घेतो, गुण वाढतात आणि निष्कर्ष निघतो. पण पंधरा दिवस कोणत्याही पद्धतीने मन लावून शिकवले तरी गुण वाढतात. दुसऱ्या तुकडीला तोच घटक, तेवढाच वेळ, जुन्या पद्धतीने शिकवल्याशिवाय नव्या पद्धतीचा गुण कळायचा नाही. यात शिक्षकाच्या कष्टांना आम्ही कमी लेखत नाही. हे त्याला सांगणारा परीक्षकच त्याला भेटत नाही, अशी आमची तक्रार आहे.

आता मूळ दाव्याकडे येऊ. मातीचा, मूत्रपिंडाचा आणि वर्गाचा असे तीन निबंध एकाच अंकात छापायचे असतील, तर तीन निराळ्या जाणकारांनी ते वाचले पाहिजेत. ते होते का? पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली ५,६९९ नियतकालिके होती. त्यांतून १,३३६ निवडली आणि नामांकित सूचींत असलेली ३२७ वगळून उरलेली १,००९ तपासली. एक तृतीयांशाहून अधिक नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे अशी प्राथमिक माहितीच चुकीची होती अथवा मिळत नव्हती. निम्म्याहून अधिक नियतकालिके खोटी माहिती देणे, संपादकांची पात्रता तोकडी असणे अशा कारणांनी बाद ठरली. एकूण ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कमी दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला.

या पाहणीवरही एक आक्षेप घेता येतो. तिने नियतकालिके तपासली, आतले निबंध नव्हेत. सुमार अंकात एखादा प्रामाणिक निबंध असू शकतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला महागडी नियतकालिके वाचायलाही मिळत नाहीत, मग तेथे लिहिणे दूरच. मराठीत लिहिणाऱ्याला तर जागा आणखी थोड्या. तेव्हा सारा दोष लेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दोषाचे मूळ मोजणीत आहे. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले आणि निबंध हे मोजायचे नाणे झाले. एक हंगाम खपून केलेला अभ्यास आणि एका रात्रीत जुळवलेला मजकूर, दोन्हींची नोंद 'एक निबंध' अशीच. पुढे मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, २०१९ मध्ये 'केअर' ही नवी यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी चांगली असो वा वाईट, तिचा अर्थ एकच होता : निबंध वाचू नका, नाव पाहा. यादी गेली याचे म्हणूनच आम्हाला दुःख नाही. पण तिच्या जागी वाचन आले नाही, तर पुन्हा मोजणीच उरेल.

आणि ही मोजणीच विविधता मारते. लवकर पुरे होणारे विषय निवडले जातात. दहा वर्षांच्या नोंदी मागणारा मूत्रपिंडाचा प्रश्न कोणी हाती घेत नाही. 'फरक आढळला नाही' हे उत्तर छापले जात नाही. प्रश्नावली वाटून टक्केवारी काढणे ही एकच पद्धत सर्व शाखांत शिरते. अंकाच्या अनुक्रमणिकेत वीस विषय दिसतात, पण आत एकच साचा असतो.

शिक्षकांनी आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी कोणताही निबंध हाती आला की तीन प्रश्न विचारावेत. लेखकाला नेमके काय जाणून घ्यायचे होते? तुलना कशाशी केली? आणि कोणते निरीक्षण आले असते तर लेखकाने आपले म्हणणे सोडले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निबंधात नसेल, तर मुखपृष्ठावरील विशेषणांनी भारून जाण्याचे कारण नाही.

शाळेला याहून पुढेही जाता येईल. पूर्णेकाठच्या एखाद्या शाळेने गावातल्या पाच विहिरी ठरवाव्यात. विरघळलेले क्षार दाखवणारे साधे मीटर आता शाळेला परवडते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच वेळी, त्याच खोलीवरचे पाणी मोजावे आणि पाऊस किती झाला हेही शेजारी लिहावे. एक वर्ग बाहेर पडला की वही पुढच्या वर्गाकडे द्यावी. दोन-चार महिन्यांत यातून निबंध होणार नाही, गुणही मिळणार नाहीत. पण दहा वर्षांनी माती, आरोग्य आणि शिक्षण या तिन्ही शाखांचे अभ्यासक त्या वहीची चौकशी करत गावात येतील.